पाना-पकड : सुसीताच्या सायलेन्सरचा पाईप किती जाड?



मागच्या अंकात बॅटरीबद्दल लिहिलं, त्यावर बरेच फोन आले. सगळ्यांचे आभार. या वेळी विषय घरातलाच आहे, म्हणजे आमच्या घरात सहा आठवडे ज्यावरून वाद चालला होता तो. आमची ही तर म्हणाली, जेवणाच्या टेबलावर आता कोणी पाईपचं नाव काढलं तर त्याला आमटी मिळणार नाही.

झालं असं, की जावईबापूंनी एक जुनी सुसीता घेतली. वयस्कर मंडळींना सुसीता सांगायला नको, पण मुलांसाठी सांगतो. १९६०च्या दशकात हैफाच्या ऑटोकार्स कंपनीने ही गाडी बनवली. 'सूस' म्हणजे घोडा, हे तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल, आणि किनेरेतच्या वरच्या डोंगरावर सुसीता नावाचं प्राचीन नगर होतं, त्यावरून हे नाव. गाडीचं अंग पत्र्याचं नव्हे, फायबरग्लासचं. त्यामुळे ती गंजत नाही. त्यावरून तेव्हा एक विनोद होता की रस्त्यात गाडी उभी केली तर उंट येऊन खाऊन टाकतो! उंटाने खाल्लेली गाडी मी काही पाहिलेली नाही, पण विनोद सगळ्या देशाला पाठ होता.

तर या गाडीचं मूळ इंजिन म्हणजे फोर्डचं छोटं, ११९८ सीसीचं, इंग्लंडच्या अँग्लिया गाडीत असायचं त्या जातीचं. ताकद सुमारे ५० हॉर्सपॉवर. ते पार संपलेलं होतं. सिलिंडर घासलेले, क्रँक गेलेली. नातवाने कुठून तरी त्याच घराण्यातलं १५९९ सीसीचं फोर्ड इंजिन मिळवलं, सुमारे ७० हॉर्सपॉवरचं. दोन्ही इंजिनं एकाच कुळातली असल्यामुळे बसवणं फार अवघड गेलं नाही. (ज्यांना असं काही करायचं असेल त्यांनी आधी लायसन्स खात्यात चौकशी करावी. इंजिन बदललं की कागदावर तशी नोंद लागते, नाही तर टेस्टच्या दिवशी पंचाईत.)

इंजिन बसलं. आणि मग प्रश्न आला एगझोझचा. इथल्या पोरांना एगझोझ म्हटलं की कळतं, आपण मुंबईची माणसं सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो. इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत धूर नेणारा जो पाईप, तो.

जुना पाईप तसाच जोडता येईना. जुन्या इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी तोंडं एकाच बाजूला होती. नव्यात हवा एका बाजूने आत येते आणि धूर समोरच्या बाजूने जातो. म्हणून तर त्याला क्रॉसफ्लो म्हणतात. तेव्हा पाईप नवा करायचा हे ठरलंच होतं. किती जाडीचा करायचा, यावर भांडण.

नातू नुकताच सैन्यातून सुटून आलाय, मोटर मेकॅनिकचा कोर्स करतोय. तो म्हणाला, "सबा, अडीच इंची टाकू. इंजिन मोठं, पाईप मोठा."

जावईबापू खर्च बघणारे. ते म्हणाले, "जुन्याच मापाचा करा. गाडी इतकी वर्षं त्याच्यावर चाललीच ना?"

मी म्हटलं, आधी जुना पाईप किती आहे ते तरी मोजा. व्हर्नियर सापडेना. मग मी धाकट्या नातीला हाक मारली आणि आजीच्या शिवणाच्या डब्यातली दोरी आणायला सांगितली. मुलांनो, ही युक्ती लक्षात ठेवा. पाईपभोवती दोरी एकदा घट्ट गुंडाळायची, जिथे टोक मिळतं तिथे गाठ मारायची आणि पट्टीवर मोजायची. दोरी १२ सेंटीमीटर भरली तर पाईप दीड इंची. १४ भरली तर पावणेदोन इंची. १६ म्हणजे दोन इंची, २० म्हणजे अडीच इंची. गंमत बघा, आकडे किती सोपे येतात! शाळेतला २२ भागिले ७ कुठे उपयोगी पडतो ते आता कळलं ना? ही सगळी बाहेरची मापं. बाजारात पाईप बाहेरच्या मापानेच मिळतो.

नातीची दोरी १२ सेंटीमीटर भरली. म्हणजे जुना पाईप दीड इंची.

आता हिशेब. हा मी नातवासमोर पुठ्ठ्यावर केला, तसाच इथे देतो. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे यावं, राग नाही.

इंजिन म्हणजे एक भाता. दोन फेऱ्यांत तो आपलं पोट एकदा भरतो आणि रिकामं करतो. १२०० सीसीचं इंजिन मिनिटाला ५००० फेरे मारत असेल तर एका सेकंदाला ५० लिटर हवा घेईल. पण पोट कधी पूर्ण भरत नाही, ८० टक्के धरा. म्हणजे ४० लिटर. हीच हवा पेट्रोलबरोबर जळून बाहेर पडते तेव्हा इतकी तापलेली असते की फुगून सुमारे तिप्पट होते. म्हणजे १२० लिटर, आठ बादल्या, दर सेकंदाला! नव्या १६०० सीसीच्या इंजिनाला त्याच फेऱ्यांवर १६० लिटर, जवळजवळ अकरा बादल्या.

दीड इंची पाईपचं आतलं तोंड पावणेदहा चौरस सेंटीमीटरच्या आसपास. त्यातून आठ बादल्या जायच्या तर धुराला सेकंदाला सव्वाशे मीटरच्या वेगाने पळावं लागतं. अकरा बादल्या त्याच पाईपातून कोंबल्या तर १६५ मीटर. वेग एक तृतीयांशाने वाढला की अडथळा पावणेदोन पट होतो, कारण अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे जावईबापूंचं म्हणणं बाद. नवं इंजिन जुन्या नाकाने श्वास घेणार, वरच्या फेऱ्यांवर गुदमरणार. आता पावणेदोन इंची घ्या. आतलं तोंड साडेतेरा चौरस सेंटीमीटर, वेग सेकंदाला १२० मीटर. म्हणजे जुन्या इंजिनाचा जुन्या पाईपात होता जवळजवळ तोच! आणि अडीच इंची? तोंड पावणेएकोणतीस, वेग ५६ मीटर. निम्म्याहून कमी.

बघा, अडीच इंच म्हणजे दीड इंचापेक्षा एकच इंच जास्त वाटतो. पण पोट तिप्पट होतं. पाईप विकत घेताना माणसं इथेच फसतात.

मी विजयी मुद्रेने पेन्सिल खाली ठेवली आणि नातवाला म्हटलं, "इंजिनाला थोडा मागचा दाब लागतोच. अगदी मोकळा पाईप असला की ताकद जाते. आमचे उस्ताद सांगायचे."

नातू हसला. "सबा, हे चूक आहे. इंजिनाला दाब कधीच नको असतो. त्याला वेग हवा असतो."

मग त्याने मला समजावलं. पन्नास वर्षं हातात पाना धरल्यावर नातवाकडून शिकायला थोडं जड जातं, पण त्याचं बरोबर होतं. धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. चार सिलिंडरचं इंजिन ३००० फेऱ्यांवर सेकंदाला शंभर धक्के देतं. प्रत्येक धक्का वेगाने पुढे गेला की आपल्या मागे थोडी पोकळी ओढतो, आणि त्या ओढीने पुढच्या सिलिंडरातला धूर बाहेर यायला मदत होते. लोकल ट्रेन भरधाव गेली की प्लॅटफॉर्मवरचे कागद तिच्यामागे ओढले जातात ना, तसंच. हे काम मुख्यतः इंजिनाला लागून असलेल्या मॅनिफोल्डमध्ये होतं, तिथल्या नळ्या फार जाड केल्या तर खालच्या फेऱ्यांवर गाडी मरगळते. मागच्या लांब पाईपने मात्र ताकदीत फारसा फरक पडत नाही. म्हणजे उस्तादांनी पाहिलं होतं ते खरं, कारण चुकीचं सांगितलं होतं. उस्ताद आता नाहीत, नाही तर मी नातवालाच त्यांच्यासमोर उभा केला असता.

"मग," नातू म्हणाला, "मागचा पाईप अडीच इंची टाकला तर तुझ्याच हिशेबाने नुकसान काही नाही!"

इथे मात्र मी गप्प झालो. कारण मला जे सांगायचं होतं ते पुठ्ठ्यावरच्या हिशेबात नव्हतं.

१९७४ सालची गोष्ट. मी भायखळ्याच्या एका गॅरेजात होतो. एक शेठ त्यांची फियाट ११०० घेऊन आले. त्यांना गाडीचा आवाज भारदस्त हवा होता. फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, तिला एवढ्या जाड पाईपची काय गरज? पण गिऱ्हाईक म्हणतंय, पैसे देतंय, आणि मलाही तेव्हा जाड पाईपचं वेड होतं. मी अडीच इंची टाकला. गाडीखाली तेवढी जागा नव्हती. पाईप वर घेतला तर फरशीला टेकायचा, म्हणून मी तो खाली घेतला. जमिनीपासून जेमतेम वीतभर. कंबरेत लटकवलेल्या किल्ल्यांसारखा लोंबत होता. आवाज मात्र झकास! शेठ खूष होऊन गेले.

डिसेंबरात ते आई आणि लहान मुलीला घेऊन लोणावळ्याला निघाले. वाटेत कुठे तरी दगडावर पाईप आपटला आणि पुढच्या फ्लँजपाशी तडा गेला. आवाज आधीच मोठा असल्यामुळे तो आणखी वाढलेला कोणाला कळलाच नाही. म्हातारीला सर्दी, म्हणून काचा वर. घाट चढताना मागे दोघी पेंगायला लागल्या. शेठना वाटलं, प्रवासाने दमल्या. त्यांचंही डोकं दुखत होतं. नशीब, की खंडाळ्याला चहासाठी थांबले. मुलगी हाक मारून उठेना. दारं उघडली, दोघींना बाहेर हवेवर आणलं, दवाखान्यात नेलं. दोघी वाचल्या.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात जिथे प्राणवायू बसतो तिथे हा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि जागा सोडत नाही. आजच्या गाड्यांत कॅटलिटिक कन्व्हर्टर असतो, तो बराचसा नाहीसा करतो. जुन्या गाडीत तसलं काही नाही. डोकं दुखणं, मळमळणं, झोप येणं, बस्स, एवढीच सूचना.

शेठ माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुसरीकडे जाऊन साधा पाईप बसवून घेतला आणि माझा पाईप हमालाच्या डोक्यावरून परत पाठवला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. १९७९ साली मी इथे यायला निघालो तोवर तो गॅरेजच्या भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला हात लावला नाही.

नातवाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण सबा, ते तड्यामुळे झालं. जाडीमुळे नाही." बरोबर आहे. पोरगा हुशार आहे. पण जाड होता म्हणून लोंबत होता, लोंबत होता म्हणून आपटला, आणि आवाज मोठा म्हणून कळला नाही.

आणि सुसीतात तर आणखी एक भानगड. फियाटची फरशी पत्र्याची तरी होती, हिची फायबरग्लासची. जोर लावून गाडी चालवली की मॅनिफोल्डमधून धूर सहाशे अंशांच्या पुढे तापून निघतो. फायबरग्लासमधला राळेसारखा चिकट पदार्थ शंभरीच्या आतबाहेरच नरम पडायला लागतो, पुढे करपतो, आणि फारच तापला तर पेटतो. फरशी आणि पाईप यांच्यात मला निदान चार बोटं अंतर हवं, आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, तोही फरशीला चिकटवून नव्हे, मध्ये हवा खेळेल असा. आम्ही गाडीखाली झोपून मोजलं. पावणेदोन इंची पाईप चार बोटं सोडून बसत होता. अडीच इंची बसवायचा तर एक तर वरची दोन बोटं जाणार, नाही तर तो खाली लोंबणार. नातू स्वतःच गाडीखालून म्हणाला, "पावणेदोन." वाद तिथे मिटला. दोन इंचीचा विचार झाला, पण तो इंजिन आणखी तेज करायचं असेल तर. आमचं इंजिन साधं आहे आणि चालवणारे जावईबापू आहेत.

यापुढची कामं भराभर झाली, पण दोन-तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पाईप वाकवताना साध्या मशीनवर वाकवला तर बाकाशी चेपतो, आणि पावणेदोन इंची पाईप तिथे दीड इंचीच उरतो. मग एवढा हिशेब केला कशाला? म्हणून आत दांडा घालून वाकवणारा कारागीर शोधला, थोडे पैसे जास्त गेले. सायलेन्सरचा डबा घेतानाही त्याच्या आतली नळी डोकावून बघा. तोंड पावणेदोन आणि पोटात सव्वा, असे डबे विकायला असतात. पाईप पक्का जखडू नका, रबरी पट्ट्यांवर टांगा. दोन मीटर पाईप तापला की सहा-सात मिलिमीटर लांब होतो, त्यात इंजिन हलतं. जखडलेला पाईप तडकतो, आणि तडकला की मग खंडाळा. शेपूट बंपरच्या बाहेर काढा. आमची सुसीता स्टेशन वॅगन आहे. अशा गाडीच्या मागे हवेची पोकळी होते आणि धूर मागच्या काचेतून आत ओढला जातो. म्हणून मागची काच बंद ठेवूनच चालवायची.

शेवटी तपासणी. इंजिन थंड असताना, गाडी उघड्यावर उभी करून, हातात जाड मोजा घालून ओल्या फडक्याची घडी पाईपच्या तोंडावर क्षणभर दाबायची. दुसऱ्याने प्रत्येक जोडाशी कान द्यायचा. फुस्स आवाज आला की तिथे फट. आमच्याकडे पहिल्या दिवशी एका जोडातून आला. गॅस्केट नवी होती, बोल्ट एक आटा ढिला. नातवाने घट्ट केला. मी पुन्हा फडकं धरायला लावलं. त्याने धरलं. मी आणखी एकदा सांगितलं, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, पण काही बोलला नाही. तिसऱ्यांदाही धरलं.

गाडी सकाळी सुरू केली की पाईपमधून पाणी ठिबकतं, ते बघून नात घाबरली. घाबरायचं काही नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, पाईप थंड असेल तर ते आतच थेंबांनी जमतं. म्हणूनच जुनी गाडी नुसती गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणू नये. पाणी आत राहतं आणि पाईप आतून सडतो. अर्धा तास तरी फिरवून आणावी.

पहिल्यांदा आम्ही सगळे लोदहून अश्दोदला जाऊन आलो. काचा खाली होत्या, माझ्या आग्रहाखातर. मागची काच मात्र बंद. चढावर गाडी तक्रार न करता चढली, बोलणं ऐकू येत होतं, आणि हिने मागच्या सीटवरून चक्क दोन गाणी म्हटली.

नातवाची हौस मात्र मी अगदीच मोडली नाही. पाईपच्या शेवटच्या दहा सेंटीमीटरवर त्याने चकचकीत अडीच इंची तोटी चढवली आहे. तिचा उपयोग काहीही नाही. रोज पुसतो.

बाळगोपाळांनो, तुम्हाला गृहपाठ. आई-बाबांना विचारून, गाडी थंड आणि बंद असताना, घरच्या गाडीच्या पाईपला दोरी गुंडाळा. तोटी चढवलेली असेल तर तिच्या पुढचा खरा पाईप शोधा. दोरी किती भरली आणि इंजिन किती सीसीचं ते लिहून पाठवा. मराठीत लिहिता येत नसेल तर आजीला सांगा, ती लिहील. पुढच्या अंकात कार्बोरेटर.